लाहोरकडे वळवलेला अँटेना

मला शिष्ट म्हणणारी पहिली व्यक्ती चंडीमंदिरच्या छावणीत राहत होती. एका मराठी कॅप्टनची ती बायको. मी तिला वहिनी म्हणायचो. तिनं एका रविवारी दुपारी जेवायला बोलावून पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि मी पोळी खाता खाता तिच्या टीव्हीवर चाललेल्या मालिकेवर भाष्य करत होतो. दागिने किती, रडणं किती, एका वाक्याला तीन वेळा कॅमेरा फिरवायची गरज काय, वगैरे. दहा मिनिटं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावजी, तुम्हाला नसेल बघायचं तर बघू नका, पण आम्हाला बघू द्या. किती हो शिष्ट तुम्ही." कॅप्टन हसला, मीही हसलो. ती तक्रार होती हे मला कळलं होतं, पण मी ती शिफारसपत्रासारखी खिशात घातली आणि स्कूटरवरून घरी आलो.

घर म्हणजे चंडीगडच्या सेक्टर बावीसमधल्या एका सरदारजींच्या घराच्या गच्चीवरची एकुलती एक खोली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि एका सरकारी प्रयोगशाळेत भिंगं आणि मोजमापाची यंत्रं यांच्यावर काम करायचो. मूळ गाव मिरज. मिरजेत तंबोरे होतात, त्यामुळे आपल्याला जन्मतःच कान आहे अशी माझी समजूत होती. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून मी शाळेत जायचो एवढाच माझा संगीताशी संबंध, पण चंडीगडला हे तपासायला कोण येणार होतं?

त्यात प्रयोगशाळेनं मला सहा आठवडे पश्चिम जर्मनीला पाठवलं. तिथून मी दोन गोष्टी आणल्या. एक, कान असलेला जाड काचेचा बीअरचा ग्लास, जो मी बनियनमध्ये गुंडाळून आणला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे बीअरवरची मतं. ती गुंडाळून ठेवायची अक्कल मला नव्हती.

खाली राहणारे घरमालक कालवे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. मी त्यांना अंकलजी म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला, सगळी गल्ली म्हणायची तसं, बीजी. दोघं फाळणीत लायलपूरहून आलेली. अंकलजी उंच, पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. मला ते बाऊजी म्हणत. या शब्दात मान किती आणि थट्टा किती याचा मी कधी विचार केला नाही. सगळा मानच धरून चाललो.

शनिवारी संध्याकाळी आम्ही अंगणात बसायचो. ते दिवस पंजाबातल्या दहशतवादाचे, बाजार सातला बंद व्हायचा, बसस्टँडवर वाळूची पोती रचलेली, आणि अंधार पडायच्या आत माणसं घरी यायची. ठेक्यावरून, म्हणजे दारूच्या दुकानातून, बीअर आणायची ती पाचच्या आत. अंकलजी आपल्या स्टीलच्या पेल्यात बीअर ओतत, तीत बर्फाचे दोन खडे टाकत आणि वर चिमूटभर काळं मीठ. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मग डोळे उघडून मी त्यांना बीअरचं तापमान, फेसाची जाडी आणि ग्लास किती तिरका धरायचा यावर पाऊण तास सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं. शेवटी विचारलं, "और जर्मनी में जून में कितनी गर्मी होती है, बाऊजी?" मी म्हणालो, आपल्या फेब्रुवारीएवढी. ते बरं म्हणाले आणि आणखी एक खडा टाकला.

माझा तेव्हा एक सिद्धांतही होता. देशाची अभिरुची दोन गोष्टींवरून कळते, टीव्ही आणि बीअर. जर्मनांची बीअर उत्तम. त्यांच्या टीव्हीवरचं मला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून तोही उत्तम असणार. पाकिस्तानात बीअरला बंदी, त्यामुळे तिथली माणसं संध्याकाळी शुद्धीवर असतात आणि चांगले ड्रामे लिहितात. आपल्याकडे दोन्हींत नुसता जोर, बीअरही स्ट्राँग आणि मालिकाही स्ट्राँग. अंकलजींनी विचारलं, मग महाराष्ट्राचं काय? मी म्हणालो, आमच्याकडे रंगभूमी आहे. आणि तिथे पितात काय, असं त्यांनी विचारल्यावर मला चहा म्हणावं लागलं. बीजी तोंडाला ओढणी लावून हसल्या. मी ते सिद्धांताला मिळालेलं अनुमोदन समजलो.

लाहोरचे ड्रामे मी पहिल्यांदा अमृतसरला एका सहकाऱ्याच्या घरी पाहिले होते. साधं घर, साधे कपडे, माणसं हळू बोलतात, मध्येच गप्प बसतात. मी भारावून गेलो. त्यातलं उर्दू मला निम्मंही कळलं नाही, पण न कळणाऱ्या गोष्टीबद्दल आदर वाटण्याची माझी तयारी जर्मनीतच झाली होती. चंडीगडला लाहोर सहजासहजी दिसत नसे. आपल्याकडचे कार्यक्रम कसौलीच्या टॉवरवरून येत. पण मी यंत्रांचा माणूस. अॅल्युमिनियमच्या नळ्या मोजून कापल्या, बूस्टर जोडला आणि गच्चीवर वीस फुटी लोखंडी पाईप उभा केला. कसौली एका दिशेला, लाहोर दुसऱ्या. दर वेळी अँटेना फिरवायला वर कोण चढणार? म्हणून पाईपच्या बुडाशी मी जुन्या सायकलचं हँडल वेल्डिंग करून घेतलं. खाली भिंतीवर पांढऱ्या रंगानं दोन खुणा केल्या, 'क' आणि 'ला'. हँडल 'क'कडे वळवलं की दिल्ली, 'ला'कडे वळवलं की आधी मुंग्या आणि हवेच्या मनात असेल तर माणसं.

अंकलजींची परवानगी मी मागितली होती. मागितली म्हणजे पाईप चढवून झाल्यावर सांगितलं. ते थोडा वेळ मान वर करून बघत राहिले. त्यांना लाहोर बघायचं नव्हतं. म्हणाले, तिकडचं जे बघायचं ते बघून आलोय आम्ही. त्यांना आवडायची ती रविवार सकाळची पौराणिक मालिका. तेव्हा अर्धी गल्ली त्यांच्या बैठकीत येऊन बसायची, समोरचे पंडितजी, कोपऱ्यावरचा दर्जी, त्यांच्या बायका. त्या दिवसांत पगडीवाल्यांच्या घरी जाताना शेजारीसुद्धा विचार करू लागले होते. रविवारी तो एक तास मात्र कोणी विचार करत नसे. बीजी सगळ्यांना चहा करायच्या. मी त्या वेळी वर माझ्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असं दार उघडं ठेवून, इंग्रजी पुस्तक वाचत बसायचो.

पण टीव्ही त्यांचा होता, माझ्याकडे नव्हता. त्यामुळे लाहोरचा ड्रामा आठवड्यातून एकदा, संध्याकाळी आठला, मी त्यांच्याच बैठकीत बघायचो, आणि बाऊजींना आवडतं म्हणून ती दोघंही बसायची. त्या वेळी चालू असलेल्या ड्राम्यात लाहोरच्या एका निवृत्त कारकुनाची मुलगी होती. तिला कराचीला नोकरी मिळते आणि बाप तिला जा म्हणत नाही आणि नकोही म्हणत नाही. अकरा भाग झाले तरी बाप नुसता खुर्ची हलवतो, चष्मा पुसतो. मी दर पाच मिनिटांनी वाहवा म्हणायचो. अंकलजी उर्दूतच शिकलेले, अजून उर्दू पेपर वाचायचे. पडद्यावर एखादा जड शब्द आला की ते बीजींकडे वळून हळू आवाजात हिंदीत अर्थ सांगायचे. मला ते ऐकू यायचं आणि माझं काम भागायचं. मी मनात म्हणायचो, बिचाऱ्या बीजी. इतक्या वर्षांनी नवऱ्याला समजावून सांगावं लागतं. चंडीमंदिरला पुन्हा जेवायला गेलो तेव्हा वहिनींनाही मी हे सांगितलं, आमच्या बीजींना उर्दू कळत नाही हो. त्याच जेवणात अंकलजींनी समजावलेला एक आख्खा संवाद मी माझा म्हणून ऐकवला आणि कॅप्टननं दाद दिली.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो. ते मला अजूनही सांगावंसं वाटत नाही.

एका शनिवारी ठेक्यावर रांग होती. पुढचे दोघं लाहोरच्या ड्राम्यांबद्दल बोलत होते. चंडीगडला ते दिसतच नाहीत, असं एक जण ठामपणे म्हणाला. मला राहवलं नाही. पण स्वतःची बढाई स्वतः मारायची नाही, हा आमच्या घरचा संस्कार. मी केलं, मी बसवलं, असं म्हणणं आमच्याकडे असभ्य समजतात. म्हणून मी नम्रपणे बढाई दुसऱ्याच्या नावावर मारली. म्हणालो, "हमारे सरदारजी के यहाँ तो लाहौर बिलकुल साफ आता है. दिल्ली से भी साफ." रांगेतली चार माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं, हेवा वाटतोय.

पुढच्या मंगळवारी प्रयोगशाळेतून आलो तर दारात जीप उभी. बैठकीत अंकलजींच्या खुर्चीत एक तरुण फौजदार बसला होता आणि अंकलजी, स्वतःच्या घरात, बीजींच्या शिवणाच्या स्टुलावर बसले होते. दोन हवालदार गच्चीवरून खाली येत होते. एक म्हणाला, साहेब, दिशा तीच आहे, हँडलसुद्धा लावलंय फिरवायला, आणि भिंतीवर काहीतरी खूण आहे. बीजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात कणीक तशीच होती.

फौजदार उद्धट नव्हता. वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसंच तो बोलत होता. तो म्हणाला, "सुना है सरदारजी के यहाँ लाहौर बिलकुल साफ आता है. दिल्ली से भी साफ."

माझं वाक्य. शब्द न शब्द माझा. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतो, एक हात कठड्यावर. मी तिथेच थांबलो. त्या वर्षांत अशा प्रश्नानंतर काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. चौकशीला नेलेली माणसं कधी संध्याकाळी परत यायची, कधी आठवड्यानं, आणि आल्यावर घरातही फारशी बोलायची नाहीत.

अंकलजी म्हणाले, "मेरा है जी. मैंने ही लगवाया है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी गप्प राहिलो. किती वेळ ते नक्की सांगता येत नाही. फौजदारानं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, आधीचं गाव विचारलं, लायलपूर हे उत्तर ऐकून मान वर केली. एवढा वेळ मी गप्प होतो. सरकारी नोकरी, गोपनीय काम, चौकशी, बदली, मिरजेला वडिलांना काय सांगायचं, एवढं सगळं माझ्या डोक्यातून जाऊन आलं. अभिरुचीचा विचार एकदाही आला नाही. शेवटी बीजींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, मी काही बोलेन अशी अपेक्षाही नव्हती, आणि ती नव्हती हेच मला सहन झालं नाही. मी आत गेलो आणि माझ्या भयंकर हिंदीत म्हणालो की अँटेना माझा आहे, पाईप माझा आहे, खुणा माझ्या आहेत आणि ठेक्यावर बोललो तो मीच.

फौजदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठले? महाराष्ट्र. काम काय? मी ओळखपत्र दिलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी वाचलं, वही मिटली आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "अरे साहब, आपका है? फिर कोई बात नहीं. ड्रामे तो उनके अच्छे होते हैं." त्याच्या बायकोलाही आवडतात म्हणे. बूस्टर कुठला वापरला ते त्यानं विचारलं. मग बीजींना चहा नको म्हणाला, अंकलजींना नमस्कार केला, पहिल्यांदाच सांगितलं असतं तर एवढा वेळ गेला नसता असं म्हणाला, आणि जीप निघून गेली.

तोच पाईप, तेच हँडल, तीच दिशा. माझा म्हटल्याबरोबर तो छंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाईप उतरवायला घेतला. अंकलजी न सांगता शिडी धरायला आले. मला माफी मागायची होती, पण तीही मला साधी मागता येईना. मी वरून म्हणालो की तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, एवढा मोठेपणा मी कुणात पाहिला नाही. आणखीही बरंच म्हणालो. त्यांनी मला थांबवलं. "मोठेपणा नहीं, बाऊजी," ते म्हणाले. तो मराठी शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता. "मैं कहता किरायेदार का है, तो वो कहते बुड्ढा बहाना बना रहा है. आपका सच उन्होंने मान लिया. मेरा कौन मानता?"

मी शिडीवर उभा होतो, हातात पाना. मला रडू आलं आणि ते लपवायला वीस फुटी पाईपचा काही उपयोग झाला नाही. अंकलजी म्हणाले, पाना नीट धर, खाली बीजींचे कपडे वाळताहेत.

त्या ड्राम्याचे शेवटचे दोन भाग राहिले ते राहिलेच. मी छोटा अँटेना कसौलीकडे तोंड करून बसवून दिला. पाईपाचे दोन तुकडे करून बीजींनी त्यावर दुधीचा वेल चढवला. रविवारी सकाळी मी खाली बैठकीत जाऊन बसू लागलो. पहिल्या रविवारी दर्जी सरकून मला जागा देताना म्हणाला, आज बाऊजी खाली कसे? म्हणजे गच्चीवरच्या उघड्या दाराकडे एवढी वर्षं सगळे बघत होते आणि ते दार कशासाठी उघडं असतं हे सगळ्यांना कळत होतं.

शनिवारी मात्र मी अंगणात जायचं टाळत होतो. कधी डोकं दुखतंय म्हणायचो, कधी काम आहे. पाचव्या का सहाव्या शनिवारी अंकलजींनी खालून हाक मारली. गेलो. त्यांनी माझ्या जर्मन ग्लासात बीअर ओतलेली होती आणि तीत बर्फाचे दोन खडे तरंगत होते. वर काळं मीठ होतं. मी ग्लास उचलला आणि प्यायलो. जून महिना होता. काही न बोलता मी प्यायलेली ती पहिली बीअर, आणि खरं सांगायचं तर ती चांगली लागली.

थोड्या वेळानं अंकलजी म्हणाले, त्या मुलीचं पुढं काय झालं असेल? कुठली मुलगी ते मला कळेना. कराचीवाली, ते म्हणाले. म्हणजे उधरचं काही बघायचं नाही म्हणणारा हा माणूस इतके आठवडे त्या मुलीची काळजी करत होता. माझ्या तोंडाशी सिद्धांत आलाच होता, की उत्तम कलाकृतीला शेवट असण्याची गरज नसते, वगैरे. मी तो बर्फाबरोबर गिळला. म्हणालो, मला नाही माहीत, तुम्हीच सांगा.

त्यांनी सांगितलं. बाप शेवटी स्टेशनवर जातो, गाडी सुटायच्या वेळी, आणि मुलीच्या हातात स्वतःचा चष्मा ठेवतो, कारण तिच्याशिवाय तो वाचणार तरी काय. उर्दूत सांगत होते, अगदी त्या ड्राम्यातल्या बापासारखं, थांबत थांबत. मध्येच एक जड शब्द आला. नेहमीप्रमाणे ते थांबले, बीजींकडे वळले आणि हिंदीत अर्थ सांगू लागले.

बीजी भेंडी चिरत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. "हुण मैनूं की दसदे ओ जी? बाऊजी नूं सिद्धा दस्सो. मैं तां लायलपुर दे स्कूल विच उर्दू पढ़ांदी सी."

मला काय सांगताय, बाऊजींनाच सरळ सांगा, म्हणत होत्या. त्या लायलपूरच्या शाळेत उर्दू शिकवत होत्या. दोन वर्षं दर आठवड्याला तो अर्थ त्यांच्याकडे वळून सांगितला जात होता तो माझ्यासाठी, मला विचारावं लागू नये म्हणून. आणि शाळेत उर्दू शिकवलेली ती बाई दर वेळी मान हलवून हां जी म्हणत होती, जणू तिला आत्ताच कळलं.

मी ग्लास खाली ठेवला आणि त्यांना विचारलं, "बीजी, तो शब्द काय होता? मला कळला नाही." त्यांनी विळी बाजूला सारली आणि मला अर्थ सांगितला.